पिवळ्या चिंधीची गाठ

माझ्या सासऱ्यांइतका संशयी माणूस पालघरजवळच्या माहीम-केळव्याच्या अख्ख्या किनाऱ्यावर झालेला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. ब्रह्मदेव पहिला माणूस घडवत होता तेव्हा हे तिथे हजर असते, तर त्यांनी आधी "माती कुठून आणली?" असं विचारलं असतं, मग चिमूटभर उचलून वास घेतला असता आणि "बघू, दोन दिवसांनी सांगतो" म्हणून घरी निघून आले असते. कुरियरवाला, पिशवीतलं दूध, लग्नाच्या पत्रिकेतला मुहूर्त, डॉक्टरांनी हसून सांगितलेली गोष्ट, सगळ्यांकडे ते एकाच नजरेने बघतात. त्यांच्या संशयात भेदभाव नाही, हे मी जावई म्हणून छातीठोकपणे सांगू शकतो, कारण लग्नाला बावीस वर्षं झाली तरी माझी चौकशी अजून पूर्ण झालेली नाही.

ही चौकशी सुरू झाली ती मी मुलगी बघायला जाण्याच्या आधीच. पालघरच्या माझ्या शाळेत मी सातवीला भूगोल शिकवत होतो आणि खिडकीबाहेर, बदामाच्या झाडाखाली, पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ अख्खा तास उभे होते. मला वाटलं, कुणाचे तरी आजोबा असतील, डबा द्यायला आले असतील. पुढच्या रविवारी माहीमला गेलो तर दार त्याच टोपीने उघडलं! चहा झाला, पोहे झाले, माझा काका माझं कौतुक करून करून दमला. तेवढ्यात सासरे खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तुमी वर्गात म्हणालात, पृथ्वी कललेली हाय. किती?" मी घाम पुसत म्हटलं, "साडेतेवीस अंश." ते आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "बरोबर हाय गं! मी दुसऱ्या मास्तरांना विचारून आलोय." अशा रीतीने माझं लग्न ठरलं. तेव्हापासून ते मला मास्तरच म्हणतात. जावई म्हणायला बहुधा अजून एखादा कागद कमी पडतो.

माहीमला त्यांची वाडी आहे. नारळ, केळी, थोडी पानवेल. केळीचा घड भरू लागला की त्याच्या दांड्याला ते कापडाची चिंधी बांधतात, आणि तिला स्वतःची अशी एक गाठ मारतात: दोन फेरे उलटे, एक सुलटा, शेवटचं टोक आत खुपसलेलं. कुणी घडाला हात लावला तर ती गाठ तशीच्या तशी परत बसत नाही. सासूबाई गेल्यापासून चिंध्या त्यांच्या जुन्या साड्यांच्या असतात. पहिली फाडली ती पिवळी, कारण पिवळा रंग लांबून दिसतो, असं ते सांगतात. पिवळ्या चिंध्यांचं एक पुडकं कायम त्यांच्या खिशात असतं. ती गाठ मला शिकवा असं मी एकदा म्हणालो होतो. "कशाला?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि तेही अशा आवाजात की मी पुन्हा विषय काढला नाही.

नवापूरची एक मासेवाली त्यांना घाबरते. नाही, घाबरत नाही, कंटाळते. हे तिच्या पाटीतली सुरमई उचलतात, कल्ले उघडून बघतात, मग तिच्या डोळ्यांत डोळे घालून इतका वेळ बघत बसतात की एकदा ती बाई म्हणाली, "आण्णा, ती मेलेली हाय. तुमाला काय सांगायची नाय ती." बोईसरला मिक्सर दुरुस्तीला टाकला तेव्हा आतला एखादा भाग बदलतील म्हणून हे तीन तास कारागिराच्या मांडीला मांडी लावून बसले. शेवटी तो वैतागून उठला आणि पान्हा यांच्या हातात देऊन म्हणाला, "चाचा, आप ही खोल लो, मैं चाय पीके आता हूँ." यांनी तो चहाला खरंच गेला का, तेही टपरीवर जाऊन बघून घेतलं.

तर अशा माणसाला घेऊन आम्ही दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत पोर्तुगालला गेलो. माझा मेहुणा बोईसरच्या कारखान्यात होता, तिथून तो तिकडच्या एका कारखान्यात लागला आणि बायकोसह समुद्रकाठच्या एका गावात राहू लागला. "बाबांना दाखवायला आणा एकदा," असा त्याचा आग्रह. माझ्या बायकोने तिकिटं काढली आणि वडिलांना सांभाळायचं काम माझ्याकडे दिलं. विमानात सीटखाली लाइफ जॅकेट असल्याचं हवाईसुंदरीने सांगताच सासरे पट्टा सोडून खाली वाकले. "सगळे म्हणतात असतं असतं, बघितलंय कोणी?" बराच वेळ चाचपून ते वर आले आणि "हाय," म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती.

पोर्तुगीज लोकांशी त्यांचं जुनं भांडण. माहीमचा किल्ला त्यांनी बांधला, तोही आपल्याला न विचारता, हे सासऱ्यांनी अजून मनातून काढलेलं नाही. त्या गावातल्या बाकावर ऊन खात बसलेल्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांकडेही ते असे बघायचे, जणू त्यांतला एखादा स्वतः गवंड्यांना घेऊन माहीमला आला होता. मेहुण्याच्या घरासमोर वाळूवर एक म्हातारी तारांच्या चौकटींवर मासे सुकवत असे. हे रोज सकाळी हात मागे बांधून तिच्या माशांची पाहणी करायला जायचे आणि हे दिसले की ती माशांवर फडकं ओढायची. "झाकते म्हंजे काहीतरी हाय," हे म्हणायचे. ती काय म्हणायची ते आम्हाला कळत नव्हतं, पण सूर ओळखीचा होता.

मेहुण्याची बायको, म्हणजे त्यांची सून, दर शनिवारी गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात कामाला जायची. टाकून दिलेली, हरवलेली, मालक गेलेली कुत्री तिथे ठेवतात. गावातले लोक जाऊन त्यांना न्हाऊ घालतात, फिरवतात, पिंजरे धुतात, आणि ज्यांना हवं ते फॉर्म भरून कुत्रा घरी नेतात. पगार वगैरे काही नाही. हे ऐकल्यावर सासऱ्यांचे कान टवकारले. "फुकट काम करायला लोक जातात? आपल्या पायांनी? आन् एवढी कुत्री गोळा करतात कशाला?" पुढच्या शनिवारी ते सुनेच्या आधी बूट घालून दारात उभे. मला म्हणाले, "चला मास्तर. काय भानगड हाय ती बघून घेऊ."

तिथे जाड चष्म्याच्या एक बाई प्रमुख होत्या. त्यांनी आमच्या हातांत झाडू दिले. सासऱ्यांनी चार पिंजरे इतके लख्ख धुतले की बाई बघत राहिल्या, पण हे धुता धुता भिंती ठोकून कुठे चोरदार आहे का ते बघत होते. पाचव्या पिंजऱ्यात एक म्हातारा कुत्रा होता. अकरा वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, तोंडाभोवती पांढरं. बाकीची कुत्री जाळीवर उड्या मारत होती. हा उठला नाही. बसल्या जागेवरून त्याने सासऱ्यांना पायांपासून टोपीपर्यंत बघितलं, झाडू बघितला, बादली बघितली आणि मान फिरवली. सासरे खूश! "अरे, हा तर तलाठी हाय! आपले सगळे कागद अपुरे हायत असं बघतो." त्याचं तिथलं नाव तीन ओळींचं होतं. आमच्यापुरता तो तलाठीच झाला. तो दोन वर्षं तिथे होता. एवढ्या म्हाताऱ्या कुत्र्याला वर्षाकाठी एखादाच माणूस विचारतो, असं बाईंनी सुनेला सांगितलं. पुढच्या थंडीपर्यंत त्याला घर मिळालं तर बरं, नाहीतर त्या फरशीवर त्याचं काही खरं नाही.

दुसऱ्या शनिवारी सासऱ्यांनी कुत्री मोजली. मागच्या खेपेला चौतीस होती, आता एकतीस. "तीन गेली कुठे?" सुनेने सांगितलं, लोकांनी घरी नेली. "फॉर्म भरून? फॉर्म भरून कुत्रं मिळतं? अगं, आपल्याकडं रेशनकार्ड मिळायला..." मग आठवडाभर त्यांचा विचार चालला. कुत्री एकसारखी दिसतात, पट्टे बदलता येतात, नेतात एका नावाने आणि पाठवतात भलतीकडे. मला म्हणाले, "गाठ मारून ठेवली की मग कोण कुठे गेला ते जाऊन बघता येईल." मी हो-ला हो केलं. माझंच चुकलं.

तिसरा शनिवार हा तिथला मोठा दिवस. लोक पोराबाळांसह कुत्री बघायला येणार होते. मुख्य म्हणजे, एका जोडप्याने तलाठ्यासाठी आधी फोन करून ठेवला होता. बाई सकाळपासून नुसत्या हसत होत्या. आम्हाला पाणी भरायचं काम होतं. सासऱ्यांनी एका हाताने पाणी भरलं आणि दुसऱ्या हाताने एकतीसच्या एकतीस कुत्र्यांच्या पट्ट्यांना पिवळी चिंधी बांधली. दोन फेरे उलटे, एक सुलटा. तलाठ्याला तर चांगली रुंद, कारण तो लाडका.

लोक आले. आले आणि लांबच उभे राहिले. पोरं पुढे धावली की आया त्यांना मागे ओढायच्या. मला काही उलगडेना. ते जोडपं आलं, बरोबर दोन वर्षांची मुलगी. तलाठ्यासमोर थांबले. पोरीने हात पुढे केला, बापाने तो चटकन धरला, नवरा-बायको आपसात कुजबुजले आणि मागे वळून चालायला लागले. चष्म्याच्या बाई टेबलापासून धावत आल्या तोवर गाडी गेटबाहेर पडली होती. मग बाईंनी रांगेतल्या कुत्र्यांकडे बघितलं आणि डोक्याला हात लावला. त्यांच्याकडे कुत्र्याच्या गळ्यात पिवळी पट्टी असली की तिचा अर्थ ठरलेला असतो: जवळ येऊ नका, हा घाबरतो, हा चावेल. माझ्या सासऱ्यांनी एकतीस गरीब कुत्री एका सकाळीत चावरी करून ठेवली होती.

सुनेने भीत भीत सगळं समजावून सांगितलं. ते भडकतील, "आधी का नाय सांगितलं" म्हणतील, असं वाटलं होतं. ते पुटपुटले, "मग सांगा ना त्यांना. गाठ माझी हाय म्हणावं." बाईंनी त्या जोडप्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडची बाई गोड बोलत होती. सुनेने ऐकून मान खाली घातली. "बघू म्हणतेय, बाबा. लहान मूल आहे घरात, म्हणतेय." सासरे तिथल्या उलट्या बादलीवर बसले. आयुष्यभर त्यांनी लोकांना "बघू" म्हणून घालवलं होतं. त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग उठून त्यांनी एकतीस गाठी एकेक करून सोडल्या. तलाठ्याची शेवटी सोडली. त्याच्यासमोर बराच वेळ उकिडवे बसले होते आणि मला ऐकू येईल न येईलसं म्हणाले, "माज्यामुळं गेलं रे तुजं घर."

हा माणूस असा खचलेला मी त्याआधी एकदाच बघितला होता, सासूबाई गेल्या तेव्हा. आमच्या परतीला दहा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवसापासून ते रोज तलाठ्याला फिरवायला आणायचे आणि गावात जो भेटेल त्याला अडवायचे. भाषा येत नाही, पण कुत्र्याकडे बोट, मग समोरच्याच्या घराकडे बोट, मग दोन्ही हात जोडून नमस्कार. लोक हसून निघून जायचे. त्यातही एक तरुण तयार झाला तर यांनीच त्याला नाकारलं. "चपला बघितल्यात त्याच्या? स्वतःच्या चपलेचा अंगठा शिवून घेत नाय, तो कुत्र्याला काय बघणार!" मी कपाळावर हात मारला. दिवस चालले होते आणि यांची चौकशी सुटत नव्हती.

आठव्या दिवशी तलाठी चालून दमला आणि नेमका त्या म्हातारीच्या सुकत्या माशांसमोर बसला. म्हातारीने फडकं ओढलं. मग तिने कुत्र्याकडे नीट बघितलं, फडकं परत काढलं, एक मासा उचलून त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर ठेवला आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. परीक्षाच! तलाठ्याने मासा बघितला, म्हातारीला बघितलं आणि मान फिरवली. म्हातारी खो खो हसली. सासऱ्यांनी मला ढोसलं. "सुनेला बोलवा. पळा!"

पुढचा तास मी जन्मात विसरणार नाही. वाळूत तीन खुर्च्या, मध्ये सून दुभाषी. सासऱ्यांनी विचारलं, कुत्रा झोपणार कुठे? म्हातारीने विचारलं, आधीच्या मालकाने टाकला का? यांनी विचारलं, घरात कोण येतं-जातं? तिने विचारलं, नवरा पाच वर्षांपूर्वी गेला, मी एकटी राहते, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कुणी सांगितलं नव्हतं. तिने कुत्र्याचा जबडा उघडून दात बघितले, कान उलटे केले, पंजे दाबले, आणि म्हणाली, एवढा चांगला कुत्रा आहे तर फुकट का देताय? काय लपवताय माझ्यापासून? सुनेने हे अडखळत सांगितलं आणि सासऱ्यांचा चेहरा उजळला. बावीस वर्षांत मला जे मिळालं नाही ते त्या बाईला एका तासात मिळालं. "बाई बरोबर हाय," ते म्हणाले. "विचारून घेते. हिच्याकडं राहील तो."

पण म्हातारी लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, बघू. सासऱ्यांची ती रात्र कशी गेली कोण जाणे. सकाळी दार वाजलं, बाहेर ती, अंगावर ठेवणीतला कोट, हातात फॉर्म. तिने आदल्या संध्याकाळी परस्पर निवाऱ्यात जाऊन आमच्याबद्दल सगळी चौकशी केली होती.

निघण्याच्या दिवशी सासऱ्यांनी तिची परवानगी घेऊन तलाठ्याच्या पट्ट्याला पिवळी चिंधी पुन्हा बांधली. तिने भुवया चढवल्या. सुनेने सांगितलं, ओळखीची खूण आहे, त्यांच्या बायकोच्या साडीची आहे. म्हातारीने चिंधीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, अंघोळीच्या वेळी सोडावी लागेल, मग परत कशी बांधायची? तर या माणसाने तिथे पायरीवर बसून तिला गाठ शिकवली! दोन फेरे उलटे, एक सुलटा, टोक आत. तिला तिसऱ्या खेपेला जमली. मी बाजूला बॅगा धरून उभा होतो, माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी एकदा मागे बघितलं. तलाठी पायरीवर बसून आमच्या सामानाकडे अविश्वासाने बघत होता.

वर्षभरात मेहुण्याची बदली दुसऱ्या शहरात झाली, त्यामुळे तलाठ्याची खबर आता फक्त म्हातारीच्या फोटोतून कळते. महिन्याच्या पहिल्या रविवारी फोटो सासऱ्यांच्या फोनवर येतो आणि त्या दिवशी मला माहीमला हजर राहावं लागतं, कारण फोटो मोठा करून बघायचा असतो. "दुसरा फेरा सैल हाय." "वजन वाढलंय, मासे चारते वाटतं." "चटई बदलली, बरं केलं." मग मी त्यांचं उत्तर मराठीत लिहायचं, फोन त्याचं पोर्तुगीज करणार, आणि फोनने बरोबर केलं कशावरून, यावर अर्धा तास.

गेल्या रविवारी गेलो तेव्हा फोटो आला होता. तलाठी पायरीवर बसलेला, मागे तारेवर मासे. मी मोठा केला. मासे ओळखीचे वाटले. मागच्या महिन्याचा फोटो काढून बघितला, त्याच्या मागच्या महिन्याचा काढला. तेच ऊन, तीच सावली, तारेवर तेच सात मासे. तिसऱ्या माशाचं शेपूट तुटलेलं, तिन्ही फोटोंत. तीन महिने ती बाई एकाच दुपारचे फोटो पाठवत होती. म्हणजे त्या दुपारनंतर फोटो काढायला तलाठीच उरला नव्हता. आता यांना काय सांगायचं? तोंड उघडत होतो, "आण्णा, मला वाटतं हे फोटो..."

"सात मासे," सासरे म्हणाले. ते केळीच्या घडाला चिंधी बांधत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. "तिसऱ्याला शेपूट नाय. मला दिसत नाय काय, मास्तर?"

मी फोन खाली घेतला.

"म्हातारी एकटी हाय तिकडं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून पाठवते." त्यांनी चिंधीचं टोक आत खुपसलं, ते नीट बसलं नाही, पुन्हा सोडलं. "तिला वाटतं मला कळलेलं नाय. मग नाय कळलं मला."

मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायची सोय नाही, का रडतो म्हणून विचारतील. त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

"लिवा," ते म्हणाले. "चांगला दिसतोय म्हणावं. गाठ छान बसली या खेपेला." मी लिहिलं. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं, लिहिलं की नाही ते.

"आन् लिवा, थंडी पडेल आता. त्याला बाहेर झोपवू नका."